दुःखाला कारण असलं, तरी इलाज हवाच

"एवढं सगळं झाल्यावर असं वाटणारच ना!" हे वाक्य भोपाळमधल्या आमच्या नेहरू नगरात फार प्रेमाने म्हटलं जातं. नवरा गेलेल्या बाईला म्हणतात, सासूबाईंचं अंथरूण वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या सुनेला म्हणतात, मुलीचा संसार मोडलेल्या आईला म्हणतात. म्हणणाऱ्याच्या मनात खरी कळकळ असते. पण त्या वाक्यामागे एक हिशेब दडलेला असतो. दुःखाला कारण आहे, म्हणजे हा काही आजार नव्हे. आजार नव्हे, तर डॉक्टर कशाला? आणि डॉक्टर नको, म्हणजे सहन करायचं. मग बाई महिनोन् महिने न झोपता दिवस ढकलत राहते आणि आजूबाजूचे सगळे तिच्या सोशिकपणाचं कौतुक करत राहतात. माझं म्हणणं एवढंच आहे, की हा हिशेब चुकीचा आहे. पाय घसरून हाड मोडलं, तर 'फरशी ओलीच होती, मोडणारच' म्हणून कोणी प्लास्टर टाळत नाही.

भोपाळ शहराने ही गोष्ट फार मोठी किंमत देऊन पाहिली आहे. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, छोला या वस्त्यांवर पसरला. आमचं नेहरू नगर त्या भागापासून लांब, भदभदा रस्त्याच्या बाजूला. पुढचे काही आठवडे डॉक्टरांचं सगळं लक्ष डोळे आणि फुप्फुसं यांच्याकडे होतं, आणि ते साहजिकच होतं. फेब्रुवारी १९८५ मध्ये लखनौच्या किंग जॉर्ज मेडिकल कॉलेजातले मनोविकारतज्ज्ञ गॅसपीडित भागातल्या दहा दवाखान्यांत बसले. साध्या दवाखान्याच्या रांगेत उभे असलेले ८५५ रुग्ण त्यांनी चाळणी लावून पाहिले. १९३ जणांना मानसिक आजार निघाला, म्हणजे शंभरात बावीस-तेवीस जणांना. त्यांतल्या ८१ टक्के बायका होत्या आणि बहुतेकींचं वय पंचेचाळीसच्या आत होतं. दवाखान्याच्या रांगेत बायका एरवीही जास्त दिसतात हे धरलं, तरी आकडा लहान होत नाही. लोक ज्याला 'वेड' म्हणतात तसला आजार क्वचितच सापडला. बाकी सगळं नैराश्य आणि चिंता.

नैराश्याला याहून मोठं कारण काय असणार? घरं रिकामी झाली होती. तरीही त्या तज्ज्ञांनी 'असं होणारच' म्हणून कागद मिटले नाहीत. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेचे डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्येच त्या भागातल्या साध्या डॉक्टरांना मनाचे आजार ओळखायला आणि त्यांवर उपचार करायला शिकवलं. विचार सरळ होता. प्रत्येक बाईला मोठ्या तज्ज्ञाकडे पाठवणं शक्य नाही, तेव्हा तिच्या घराजवळच्या डॉक्टरलाच हे कळलं पाहिजे. अर्थात याच्या उलटही घडलं. ज्यांना खरोखर दम लागत होता त्यांना 'हे मनाचंच आहे, भरपाईसाठी सांगतात' असंही ऐकून घ्यावं लागलं. म्हणून शरीर आणि मन यांतलं एक निवडायला कोणी सांगितलं, तर निवडू नका. दोन्ही तपासून घ्या.

आमच्या बाजूला कठीण काळ आला तो एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या लाटेत. भदभदा विश्रामघाट इथून जवळ. त्या दिवसांत तिथे चितांना जागा पुरत नव्हती आणि या रस्त्याने दिवसभर शववाहिका जात. त्यानंतर काही घरांत कर्ता माणूस राहिला नाही, काही घरांत नोकरी राहिली नाही. ज्या बायकांनी तेव्हा ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी फोन फिरवले, बिलं भरली, मुलांना धीर दिला, त्यांच्यातल्या कितीतरी जणी सगळं निभावून नेल्यावर, वर्ष-दीड वर्षाने कोसळल्या. हे असं उशिरा होऊ शकतं. संकट चालू असताना बाईला आजारी पडायला फुरसत नसते.

आता ओळखायचं कसं? डॉक्टर ज्या खुणा पाहतात त्या फार गूढ नाहीत. मन सतत उदास असणं किंवा कशातच रस न उरणं, यांपैकी निदान एक गोष्ट, जवळजवळ रोज, दोन आठवडे किंवा जास्त. त्याच्या जोडीला झोप बिघडणं, भूक जाणं किंवा अवेळी खात सुटणं, अंगात त्राण नसणं, लक्ष न लागणं, हालचाली मंदावणं किंवा एका जागी बसवत नसणं, 'माझ्यामुळेच सगळ्यांना त्रास' अशी टोचणी, जगण्याचा कंटाळा. यांतलं बरंचसं एकत्र दिसलं आणि रोजचं जगणं अडायला लागलं, की नुसत्या दुःखाची हद्द ओलांडली असं समजावं. दुःखात माणूस नातवाच्या बोबड्या बोलण्याला क्षणभर तरी हसतो. नैराश्यात तेही पोचत नाही.

पण आपल्या घरांत एक अडचण असते. बाईचं काम थांबत नाही. पुरुषाने चार दिवस ऑफिसला दांडी मारली तर घरभर चर्चा होते. बाई मात्र पहाटे उठते, डबे भरते, पोळ्या लाटते, भांडीवालीशी दोन शब्द बोलते आणि सगळ्यांना वाटतं, ठीक चाललंय. म्हणून पोळ्यांकडे पाहून काही कळत नाही. बाकीच्या गोष्टींकडे पाहावं लागतं. दूध रोज उतू जातंय का? कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहताहेत का? नागपूरच्या बहिणीचा फोन पूर्वी तासभर चालायचा, तो 'बरं आहे, ठेवते' म्हणून दोन मिनिटांत संपतोय का? आवडीची मालिका चालू आहे आणि तिच्यात काय चाललंय ते विचारलं तर सांगता येत नाही, असं होतंय का? वेणीफणी दुपारपर्यंत लांबतेय का?

चिंतेचं रूप जरा वेगळं. छातीत धडधड, हातपाय गार पडणं, पोटात गोळा येणं, घसा आवळल्यासारखा वाटणं, मुलगा पाच मिनिटं उशिरा आला की अपघाताचं चित्र डोळ्यांपुढे उभं राहणं. 'जीव घाबरा होतो' असं आपण म्हणतो, भोपाळकडच्या मराठीत 'घबराहट होते' म्हणतात. पुष्कळदा नैराश्य आणि चिंता दोन्ही एकाच बाईच्या वाट्याला येतात आणि दोन्हींवरचे उपचारही बरेचसे सारखे असतात, त्यामुळे आपलं नक्की कुठलं याचा घोळ घरी बसून घालू नये.

दवाखान्यात काय होतं ते मात्र जरा जवळून पाहण्यासारखं आहे. शेजारणीशी झालेलं एक बोलणं:

"वहिनी, डॉक्टरांना काय सांगितलंत?"

"सांगितलं, ॲसिडिटी होते. अंग दुखतं."

"आणि रात्री दोनला उठून बसता, ते?"

"ते काय सांगायचं त्यांना! मागे इतके पेशंट ताटकळत होते."

ॲसिडिटीची गोळी मिळाली, वहिनी घरी आल्या. डॉक्टरला दोष देता येत नाही, त्याला जे ऐकवलं त्यावर त्याने औषध दिलं. म्हणून घरूनच एका चिठ्ठीवर तीन ओळी लिहून न्याव्यात: किती दिवसांपासून, रात्री किती तास झोप, आणि पूर्वी जमायचं ते काय जमेनासं झालंय. रडू येईल, बोलता येणार नाही अशी भीती वाटत असेल, तर चिठ्ठी सरळ पुढे करावी. डॉक्टर बहुधा थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर, बी-१२ या तपासण्या सांगतील. त्या जरूर कराव्यात. थायरॉईड मंदावला किंवा रक्त कमी असलं तरी थकवा आणि उदासी येते, आणि आपल्याकडे बायकांत या दोन्ही गोष्टी सर्रास असतात. पण रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे 'तुम्हाला काहीच झालेलं नाही' असा अर्थ होत नाही. तिथे उठून न येता विचारायचं: "मग मला झोप का येत नाही?"

भोपाळमध्ये जायचं कुठे? नेहरू नगरहून सोयीचं म्हणजे शिवाजी नगरातलं जयप्रकाश जिल्हा रुग्णालय, ज्याला सगळे '१२५०' म्हणतात. मध्य प्रदेशात जिल्हा रुग्णालयांत मनाच्या आजारांसाठी 'मनकक्ष' आहेत. तिथे विचारावं. याशिवाय गांधी मेडिकल कॉलेजचं हमीदिया रुग्णालय आणि साकेत नगरचं एम्स इथे मनोविकार विभाग आहेत. घराबाहेर पडणंच अवघड असेल, तर १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. रात्रंदिवस, फुकट. समोर प्रशिक्षित समुपदेशक असतो आणि गरज पडली तर तो पुढे तज्ज्ञाशी जोडून देतो. भाषा निवडायची सोय आहे. भोपाळला आयुष्य काढूनही दुःखाचं बोलायची वेळ आली की हिंदी अडखळते, असा पुष्कळ मराठी बायकांचा अनुभव असतो, त्यांना हे उपयोगी.

औषधांविषयी इतके गैरसमज आहेत, की जरा सविस्तर लिहायला हवं. नैराश्यासाठी हल्ली सहसा जी औषधं देतात त्यांची व्यसनासारखी सवय लागत नाही. ती डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात काम करत नाहीत. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला त्याहून जास्त. पहिल्या आठवड्यात मळमळ, थोडी अस्वस्थता, डोकं जड होणं असे त्रास होतात आणि बहुतेकींचे ते ओसरतात. नेमक्या याच टप्प्यावर बायका गोळी सोडतात, कारण त्रास लगेच दिसतो आणि फायदा दिसायचा असतो. म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारून ठेवावं, की कुठला त्रास झाला तर थांबायचं आणि कुठला झाला तर दम धरायचा. विशेषतः वय कमी असेल आणि सुरुवातीला बेचैनी फार वाढली किंवा मरणाचे विचार वाढले, तर त्याच दिवशी कळवायचं. बरं वाटायला लागल्यावरही गोळ्या साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवायला सांगतात आणि मग हळूहळू कमी करतात. मनाने एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, झोप उडणं असे त्रास होतात आणि आजार उलटण्याचा धोका असतो.

याच्या अगदी उलट कथा झोपेच्या गोळ्यांची. अल्प्राझोलाम आणि तिच्या जातीच्या गोळ्या अर्ध्या तासात शांत करतात, म्हणून त्या आवडतात. त्यांची सवय लागते, मात्रा वाढत जाते, वयस्क बायका रात्री उठताना पडतात. डॉक्टरने थोड्या दिवसांसाठी दिल्या तर ठीक. पण कुणाच्या तरी जुन्या पर्चीवर मेडिकलमधून आणलेली पट्टी, नणंदेने जावेला दिलेली, हा प्रकार घरोघर चालतो. गंमत म्हणजे जिला मनाच्या औषधांची सवय लागेल म्हणून भीती वाटते, तिच्याच उशाशी ही पट्टी असते. वर्षानुवर्षं घेत असाल तर तीही एकदम तोडायची नाही, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवायची.

औषधाखेरीज दुसरा उपाय बोलण्याचा. त्याविषयी आपल्याच देशातला एक चांगला दाखला आहे, गोव्याचा. तिथे संगत या संस्थेने, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी, प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या शिकलेल्या माणसांना समुपदेशक म्हणून तयार केलं. ते डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांशी ते सहा ते आठ वेळा, दर वेळी अर्धा-पाऊण तास बोलले. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष लॅन्सेट या नियतकालिकात आले. तीन महिन्यांनी या बोलण्याचा लाभ मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक आजारातून बाहेर आले होते, तर केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. पुढे हीच पद्धत आमच्या शेजारच्या सिहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्त्यांना शिकवली गेली.

त्या बैठकांत काय बोलायचे? 'सकारात्मक विचार करा' असलं काही नाही. नैराश्यात बाई एकेक गोष्ट सोडत जाते. भजनाला जाणं सोडते, मग संध्याकाळचं फिरणं, मग गच्चीतल्या कुंड्या. जितकं सोडावं तितका दिवस रिकामा आणि जड होतो, आणि जड झाल्यावर आणखी काही सोडलं जातं. हा फेरा उलटा फिरवायचा. मन लागेल तेव्हा करू म्हणून थांबायचं नाही, आधी करायचं, मन मागून येतं. पण करायचं ते इतकं लहान, की नाही म्हणायला लाज वाटावी. 'उद्यापासून रोज पाच वाजता उठून योगासनं' हा बेत नैराश्यातल्या बाईचा तिसऱ्या दिवशी मोडतो आणि अपराधाची आणखी एक टोचणी मागे ठेवून जातो. त्याऐवजी, 'चार वाजता चहा घेऊन गच्चीत जायचं, तिथे दहा मिनिटं बसायचं, फोन खाली ठेवायचा'. वहीत वेळ लिहायची. झालं तर खूण, नाही झालं तर का नाही ते दोन शब्दांत. आठवड्याने वही पाहिली की लक्षात येतं, की कुठल्या कामानंतर जीव किंचित हलका झाला. ते वाढवायचं. नेहरू नगरात फिरायला जागांची वाण नाही, वन प्रबंधन संस्थेच्या बाजूचा रस्ता आहे, कलियासोतकडे जाता येतं. पण पहिल्या आठवड्यात तुमचं ध्येय फाटकापर्यंत जाऊन परत येणं एवढंच असलं, तरी ते पुरे.

काळज्यांचं वेगळं पाहावं लागतं, कारण कठीण काळात निम्म्या काळज्या खऱ्याच असतात. आमच्याकडे सरकारी क्वार्टर पुष्कळ. नोकरीत असताना नवरा गेला, तर बाईपुढे एकाच वेळी कुटुंब निवृत्तिवेतन, अनुकंपा नियुक्तीचा अर्ज, बँकेतलं नामांकन, विमा आणि क्वार्टर कधी सोडायचं, असे पाच कागद उभे राहतात. रात्री दोन वाजता हे पाचही एकत्र अंगावर येतात. दीर्घ श्वासाने क्वार्टरचा प्रश्न सुटत नाही. तिथे वही घेऊन प्रत्येक काळजीपुढे लिहायचं, की यात मला काही करता येण्यासारखं आहे का? असेल, तर पुढचं एकच पाऊल कोणतं, कोणाला विचारायचं, कोणत्या दिवशी? 'पेन्शनचं काम' असं लिहू नये, 'मंगळवारी अकरा वाजता मृत्यू प्रमाणपत्राच्या चार झेरॉक्स' असं लिहावं. शक्य असेल तर बरोबर कोणाला तरी न्यावं, कारण नैराश्यात बाबूने सांगितलेलं डोक्यात राहत नाही. ज्यात काहीच करता येत नाही, अशा काळजीला संध्याकाळची वीस मिनिटं द्यावीत, ठरावीक जागी बसून. दिवसा ती डोकावली तर 'सहा वाजता' म्हणून परत पाठवायची. ऐकायला पोरकट वाटतं, पण सरावाने बऱ्याच जणींना जमतं. झोपायच्या खोलीत मात्र ही बैठक भरवू नये.

धडधडीचा झटका अचानक येतो तेव्हा आपण मरतोय असंच वाटतं. तो साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि उतरतो. श्वास आत ओढण्याच्या मागे न लागता बाहेर सोडण्याकडे लक्ष द्यावं, चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर. पाय जमिनीवर घट्ट टेकवावेत, आजूबाजूच्या वस्तूंची नावं मनात घ्यावीत. पण एक सावधगिरी: असं पहिल्यांदाच होत असेल, वय चाळिशीपुढचं असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, घाम फुटून जबडा, पाठ किंवा हात दुखत असेल, तर ही चिंता आहे असं घरच्या घरी ठरवू नये. आधी ईसीजी. बायकांचा हृदयविकार 'टेन्शन आहे' म्हणून घरी बसवला जातो, तेही थांबायला हवं.

बाळंतिणीची गोष्ट वेगळी सांगायला हवी. बाळंत झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगीच रडू येतं, ते पुष्कळ जणींना येतं आणि दोन आठवड्यांत जातं. त्यापुढे राहिलं, बाळाकडे पाहून काहीच वाटेना, किंवा बाळाला आपल्याच हातून काही होईल असे भयंकर विचार यायला लागले, तर थांबू नये. विचार येणं म्हणजे ती वाईट आई, असं नाही. पण डॉक्टरांना सांगायलाच हवं, आणि अंगावर पाजत असतानाही देता येतील अशी औषधं आहेत. भोपाळला दिलेल्या नागपूर-अमरावतीच्या मुली सव्वा महिन्याने माहेराहून परततात आणि इथे एकदम एकट्या पडतात. माहेरच्यांनी फोन करायचा तो तेव्हा. बाळंतिणीला भास व्हायला लागले किंवा बोलण्याचा ताळमेळ सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय. पाळी जाण्याच्या सुमारासही जुनं नैराश्य डोकं वर काढतं. 'वयच तसं आहे' म्हणून तेही सोडून देऊ नये.

घरात मारहाण होत असेल तर वर लिहिलेलं कुंड्या-गच्चीचं सगळं दुय्यम. भीती खरी असताना शांत व्हायला शिकवणं हा अन्यायच. महिला हेल्पलाइनचा क्रमांक १८१. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने त्याच घरात राहण्याचा हक्क आणि संरक्षणाचा आदेश मागता येतो. '१२५०' रुग्णालयाच्याच आवारात जून २०१४ मध्ये 'गौरवी' हे संकटग्रस्त महिलांसाठीचं केंद्र सुरू झालं, जिथे डॉक्टर, समुपदेशन, पोलीस आणि कायद्याची मदत एका ठिकाणी मिळावी अशी कल्पना होती.

गॅसपीडित बायकांकडून शिकण्यासारखं आणखी एक आहे. अब्दुल जब्बार यांच्या गॅसपीडित महिला उद्योग संघटनेच्या बायका वर्षानुवर्षं दर शनिवारी शाहजहानी पार्कात जमत. भरपाईचे अर्ज, कोर्टाच्या तारखा, दवाखान्यातल्या तक्रारी, असं सगळं तिथे बोललं जाई. संघटनेने शिवणकामही शिकवलं. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या दोघी स्टेशनरीच्या कारखान्यात एकत्र आल्या, कामगार बायकांची संघटना बांधली, दिल्लीपर्यंत पायी गेल्या. २००४ मध्ये त्यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला आणि त्या पैशांतून गॅसपीडितांच्या मुलांसाठी चिंगारी ट्रस्ट उभा राहिला. पुरस्कार सगळ्यांना मिळत नाहीत. पण ठरलेला वार, ठरलेली जागा, आणि जिथे तोंड हसरं ठेवावं लागत नाही अशी चार माणसं, हे कुणालाही जमवता येतं.

भोपाळच्या मराठी लोकांना मंडळांचं वावडं नाही. १९५६ मध्ये नव्या मध्य प्रदेशाची राजधानी इथे आली, नागपूरच्या सचिवालयातली कुटुंबं सामानसुमान घेऊन आली, मागोमाग हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यातल्या नोकरीसाठी आणखी आली, आणि गणपती, हळदीकुंकू, भिशी सगळं इथे रुजलं. पण हळदीकुंकवाला आपण नीटनेटक्या साडीत आणि नीटनेटक्या बातम्यांत जातो. मुलगा पुण्यात, सून चांगली, सगळं मजेत. विधवा बाईला तर पुष्कळ घरांतून अजून बोलावणंच जात नाही, म्हणजे जिला जास्त गरज ती बाहेर. माझी सूचना अशी, की त्याच मैत्रिणींपैकी एक निवडा आणि तिला खरं सांगा. ऐकून ती गावभर करणार नाही अशी निवडा, हे ओघाने आलंच. जप, पोथी, पारायण यांनी बरं वाटत असेल तर अवश्य करा. गोळी बंद करून मात्र करू नका, आणि 'श्रद्धा कमी पडली' असं कोणी म्हटलं तर त्याचं ऐकू नका.

घरच्यांना थोडं सांगते. 'मन रमव', 'बाहेर पड', 'तुला काय कमी आहे' ही वाक्यं काही दिवस बाजूला ठेवा. कामाचा भार प्रत्यक्ष कमी करा. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंपाशी मुलाने आठवड्यातल्या दोन दुपारी बसावं, स्वयंपाक एका वेळचा बाहेरून आणावा, दवाखान्याची तारीख कोणी तरी लक्षात ठेवावी.

आणि 'मी नसते तर बरं झालं असतं' असं ती म्हणाली, तर विषय बदलू नका. सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते, हा गैरसमज आहे. उलट कोणी विचारल्याने बाईला सुटल्यासारखं होतं. 'हो' म्हणाली तर तिला एकटी सोडू नका, घरातली जास्तीची औषधं आणि विषारी वस्तू कुलपात घाला, १४४१६ ला फोन लावा, आणि धोका तातडीचा वाटला तर ११२ ला लावा किंवा तिला थेट रुग्णालयात न्या. पोलिसांच्या भीतीने पुष्कळ घरं हे लपवतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं आहे, आणि तिच्यावर उपचार करणं ही सरकारची जबाबदारी आहे. याच कायद्याने विमा कंपन्यांनाही मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्या बरोबरीने धरायला सांगितलं आहे, तेव्हा पॉलिसीचा कागद एकदा काढून पाहायला हरकत नाही.

बरं वाटायला लागलं की घर पूर्वीच्या चालीवर येतं, आणि सगळी कामं पुन्हा तिच्याच अंगावर पडतात. हा काळ नाजूक. आजार काही जणींना पुन्हा गाठतो, आणि परत येताना बहुधा त्याच वाटेने येतो. एकीची आधी झोप जाते, दुसरी फोन उचलणं बंद करते, तिसरीला जेवणाची चव लागत नाही. आपल्या बाबतीत सुरुवात कशी झाली होती, त्या दोन-तीन खुणा बरं असतानाच लिहून ठेवाव्यात, खाली डॉक्टरांचं नाव आणि ज्या गोळीने गुण आला तिचं नाव. ती चिठ्ठी दवाखान्याच्या फाइलमध्ये ठेवावी, आणि ती कुठे आहे ते घरातल्या एकाला तरी सांगून ठेवावं.